दुसऱ्या बॅटरीची मोहीम आणि साडूद्वयाचा पराक्रम

वाचणारांस विदित व्हावे जे, उभय साडू सरदारांनी आपले मुक्कामाचे गाडीत दुसरी बॅटरी बसविली, तिची ही हकिकत. लिहिणाराने जैसे देखिले तैसे लिहिले. शौर्य आढळले तेथेच लिहावे, तर अवघी बखर कोरी जाती. सबब बाकीचेही लिहिले.

थोरले साडू विमाबहाद्दर, मरणाचे भय घालोन विमा विकण्यात मातब्बर. धाकटे साडू दंतवैद्य, दाढ उपटण्यात नामांकित. उभयतांनी भागीत जुनी व्हॅन खरेदून तीत बिछाना, दिवे, पंखा, फ्रीज ऐसा सरंजाम भरिला आणि रानोमाळ मुक्काम करू म्हणोन मिशांस पीळ दिला. मग पहिलेच स्वारीत, तलावाकाठी, अवघा सरंजाम इंजिनाचे बॅटरीवर रात्रभर चालविला आणि सकाळी गाडी सुरू होईना. मग दुधाचे टेम्पोस दोर बांधोन खासी स्वारी फरफटत परत आली. कसूर थोरल्यांचे फ्रीजचा की धाकट्यांचे पंख्याचा, या वादात उभयतांचे बोलणे तुटले आणि निरोप बायकांमार्फत जाऊ लागले.

ऐसियास त्यांचे सासरेबुवा, मोजणी खात्यातून निवृत्त. झोपेत घोरतात आणि श्वास अडकतो, सबब तोंडास मुखवटा लावोन यंत्रावर निजत. यंत्रास वीज पाहिजे, म्हणोन बहुत काळ परमुलखी मुक्काम घडला नाही. त्यांचे मनी आले जे, एकवार तलावाकाठी निजावे. त्याजवरोन उभय कन्यांनी फर्मान काढिले जे, इंजिनाची बॅटरी इंजिनास ठेवोन मुक्कामास निराळी बॅटरी आजच बसवावी. न बसल्यास गाडी उद्या विकावी आणि जावयांनी साहसाचे नाव पुन्हा काढो नये. हुकूम ऐकताच सरदार धाकटे कन्येस घेवोन दुकानी गेले आणि बॅटरी आणिली.

बॅटरी दिसण्यात लहान, उचलण्यात महाकठीण. दोघांनी कण्हत, एकमेकांचे मुख न पाहता, ती गाडीत चढविली. मग खलबत जाहले. थोरले म्हणो लागले बाकाखाली, धाकटे म्हणो लागले चालकाचे मागे. आणि थोरली कन्या दारात उभी राहोन इकडील मसलत तिकडे पोचवीत होती. अखेर ती कंटाळोन "बाकाखाली ठेवा आणि संपवा" म्हणाली, तेव्हा थोरल्यांनी दिल्ली जिंकल्यागत घसा खाकरिला.

पुढे इंजिनाकडील लाल वायर आत घ्यावी तरी तळपत्र्यास भोक पाहिजे. थोरले गाडीखाली उताणे निजोन वायर धरते जाहले आणि धाकट्यांनी ड्रिल उचलिले. हत्यार हाती येताच मुखावर तेज चढले आणि सवयीने बोलोन गेले, "थोडंसं दुखेल हं."

"पत्र्याला काय सांगताय? मी आहे खाली!"

ड्रिलचे टोक थोरल्यांचे नाकासमोर येवोन थांबले. बहुत काळाने उभयतांत हेच पहिले समोरासमोर भाषण.

मग दोन्ही बॅटऱ्यांमध्ये चार्जर बसविला, जो इंजिन चालता नवीस भरतो आणि इंजिन थांबता दोहोंचा संबंध तोडितो. इतकी अक्कल त्या पेटीस असते. मग थोरल्यांनी घाई करोन नट आवळिला, तो पाना निसटोन एकदम बॅटरीचे दोन्ही टोकांस भिडला. आगीचा लोळ उठला, पाना काळा पडला, थोरल्यांनी किंकाळी फोडोन मस्तक कपाटास आपटिले. आणि धाकटे, जे रोज रुग्णांस घाबरू नका म्हणतात, ते चाकामागे दडले.

धाकटी कन्या धावोन आली. "आधी हातातलं कडं काढा, भावजी. पान्याला टेप गुंडाळा. आणि फ्यूज सगळ्यात शेवटी! दुकानदार घसा फोडून सांगत होता."

"मला वाटलं, हे ऐकतायत," थोरले म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही," धाकटे चाकामागून म्हणाले.

त्याउपरी सांगितल्या हुकमाप्रमाणे काम केले, बॅटरी पट्ट्याने जखडिली, फ्यूज लाविला आणि दिवा उजळला. परंतु कन्यांचा हुकूम जे, परीक्षा जाहल्याविना कूच नाही. सबब दुपारी सासरेबुवा गाडीत यंत्र लावोन निजले आणि सरदार बाहेर खुर्च्या टाकोन, दिवा कोणामुळे लागला, यावर भांडत बसले.

काही वेळाने थोरल्यांनी दारास कान लाविला. घोरणे ऐकू येईना. घोरणे नाही, तस्मात यंत्र चालले. अथवा दुसरी गोष्ट, जिचा विमाबहाद्दरांस व्यवसायाने पूर्ण परिचय. थोरले पांढरे पडले आणि धाकट्यांचा हात घट्ट धरिला. दोघांनी दार हळूच सरकविले. म्हातारा मुखवट्याआड शांत निजला होता. छाती संथ वर जात होती, खाली येत होती. उभयतां बराच वेळ उभेच राहिले. धाकट्यांनी डोळे पुसिले आणि ग्रीस गेले म्हणाले. ग्रीस हातासच होते. परंतु येथे लिहिणारा अधिक खोडी काढीत नाही.

इतक्यात सासरेबुवा उठोन बसले. "झालं? मग चला."

इंजिन पहिल्याच चावीस गर्जले. सरदार हात धुवावयास गेले आणि परत येतात तो गाडी फाटकाबाहेर, थोरली कन्या चालकाचे जागी, धाकटी शेजारी आणि मागील खिडकीत सासरेबुवा.

"अहो, आम्ही?"

"तुम्ही दोघं राहा. मला तिथं झोपायचंय. दुपारभर तुमचं भांडण ऐकत पडलो होतो, आत्ता कुठं डोळा लागला होता."

गाडी वळणाआड गेली. "जेवायचं काय?" थोरल्यांनी पुशिले. "बघू," धाकटे वदले.

येणेप्रमाणे बॅटरी बसली, वीज चालली, सासरेबुवा तलावाकाठी सुखे निजले, फत्ते जाहली. कोणाची जाहली, हा वाद सरदारांनी चालू ठेविला असे. लिहिणारास त्यात स्वारस्य नाही.