इंदूरचा कुकर आणि कच्चा भात

जाफराबाद तालुक्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. हे मी म्हणत नाही, माझं कार्ड म्हणतं, आणि कार्ड मी स्वतः छापून घेतलंय. गुन्हेगार मला पाहून चळाचळा कापतात, असंही त्यावर आहे. अजून एकही भेटलेला नाही, कुठंतरी कापत बसले असावेत.

२००२ सालच्या मे महिन्यात शेजारच्या पानबाईंनी मला, म्हणजे कडूबाला, बोलावलं. त्यांची सून संतोषबाई. तिच्या भावानं इंदूरहून विजेचा कुकर दिला होता आणि भात अर्धाकच्चा असतानाच तो टक्कन बंद पडायचा. पानबाईंचा निकाल तयार होता, माहेरच्यांनी डुप्लिकेट माल गळ्यात मारला. भाऊ आज जेवायला येणार होता आणि कुकर त्याच्याच हाती परत जाणार होता. संतोषबाई रडकुंडीला आली होती. मला ते बघवेना.

मी भांडं उचलून आत पाहिलं. तापणाऱ्या तव्याच्या मधोमध एक बटण. हाच सेन्सर, भात शिजला की भांड्याची उष्णता ओळखून वीज बंद करणारा. त्यावर आणि भोवतीच्या तव्यावर हळदकुंकू आणि अक्षतांचा चिकट थर. नव्या यंत्राची पूजा कोण करत नाही? पानबाई तर रोज भात लावायच्या आधी करायच्या. घर संस्कारी आहे, एवढा निष्कर्ष मी तिथल्या तिथं काढला.

आधी मी तांदळावर संशय घेतला, मग लाईनवर, मग पानबाईंवर. तिसरा संशय मोठ्यानं घेतल्यामुळे चहा मिळाला नाही.

शेवटी सत्य गवसलं. "हा सेन्सर इंदूरच्या गार हवेतला," मी म्हणालो. "आपल्या उन्हाळ्यात त्याला वाटून राह्यलं की भात शिजला." आणि गोळेवाल्याकडून बर्फ आणायला निघालो.

परत आलो तर भाऊ आलेला. पानबाई कुकर बांधायच्या तयारीत होत्या. पण पुजलेली वस्तू तशीच दिली तर घरची लक्ष्मी इंदूरला जायची, म्हणून त्यांनी अक्षता नखानं खरवडून तवा आणि बटण लख्ख पुसलं होतं. मी घाईनं कुकरभोवती बर्फ रचला आणि संतोषबाईनं शेवटचा म्हणून भात लावला.

भात मोकळा शिजला. मी कौतुक ऐकायला सरसावून बसलो.

"सासूबाई," संतोषबाई हळूच म्हणाली, "अक्षतांमुळं भांडं तव्यावर टेकतच नव्हतं. नुस्ता तवाच तापायचा, मंग बटण आधीच पडायचं."

पानबाईंनी भावाच्या भातावर तुपाची धार धरली. "कुकर इथंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माल अस्सल हाय. मी तर पहिल्यापासून म्हणून राह्यले."

संतोषबाई पदराआड हसली. पानबाईंची साक्ष खोटी आहे, हे मी तत्काळ ओळखलं. दिवसभरातला माझा हा पहिलाच अचूक निष्कर्ष होता, पण ताटात गरम भात पडलेला असताना गुप्तहेरानं गप्प बसावं.