दातेबाईंची अवलंबित

आमच्या वाशीच्या इमारतीत एका मांजरीचं नाव ‘अवलंबित’ होतं. मनी, चिंगी अशी चांगली नावं सोडून हे सरकारी नाव ठेवणाऱ्या आमच्या समोरच्या दातेबाई. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. संध्याकाळी जिन्यात त्यांची हाक यायची, “अवलंबिते, ये गं!” नवा भाडेकरू असला तर दचकून दार उघडायचा.

नावामागे भांडण होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. शहर नवं, कॉलेजही नवं. दातेबाई आणि शिंदे सर एकाच दिवशी नोकरीला लागले. पदवी तीच, विषय तोच, तासही तेवढेच. पण शिंदे सरांना लागतानाच दोन इन्क्रिमेंट जादा मिळाली. बाई विचारायला गेल्या तेव्हा संस्थेचे चेअरमन समजुतीनं म्हणाले, “बाई, त्यांच्या मागे संसार आहे. तुमच्या घरात खाणारी तोंडं किती?”

बाई एकट्या. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेलेले. त्या तडक घरी आल्या आणि जिन्यातलं भटकं मांजर उचलून त्यांनी दुसरं तोंड हजर केलं.

तेव्हापासून तोच ध्यास. दूधवाल्याला सांगत, “पाव लिटर जादा. तोंडं वाढलीत.” मी हळदीकुंकवाला बोलावलं तरी पहिला प्रश्न, “किती तोंडं?” सानपाडा गावातून येणारी मासेवाली चक्रावून विचारी, “बाय, तुमी तं म्हावरं खात नाय, मंग ही मांदेली कोनाला?”

“अवलंबितला.” मग शुद्ध शाकाहारी बाई नाकाला पदर लावून मांदेली उकडायच्या. आमचे हे म्हणायचे, “पगार त्यांचा वाढायचा आणि टेन्शन आपल्या नाकाला.”

दर जूनला बाई चेअरमनना आठवण करून देत. “आता तोंडं दोन झाली,” असं गंभीरपणे सांगत. चेअरमन पोट धरून हसत आणि जून निघून जाई. बाई घरी येऊन चडफडत. त्यांना पैशापेक्षा ते हसणं झोंबायचं.

शेवटी एका स्टाफ मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पेपर तपासताना मी पोराच्या घरची तोंडं मोजत नाही. उद्यापासून मोजू का?”

या वेळी कुणी हसलं नाही. शिंदे सरच म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे.” नंतरच्या जूनपासून दोघांचा पगार सारखा झाला. मागचं बुडालं ते बुडालंच.

तो पगार पहिल्यांदा हातात आला, त्या संध्याकाळी बाई पेढे घेऊन आल्या. मी म्हटलं, “जिंकलात बाई! आता अवलंबितला रिटायर करा. तिचं काम झालं.”

मी थट्टेनं बोलले होते. बाई हसल्या नाहीत.

“मीही तेच ठरवलं होतं गं. पगार सारखा झाला की सोडून द्यायची. पण कुलूप काढताना आतून कुणीतरी ओरडतं. इतकी वर्षं आतून कुणी ओरडलं नव्हतं.”

मला एकदम भरून आलं. मी आणखी एक पेढा उचलला.

बाईंनी खोक्यातला एक पेढा बाजूला काढला, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकल्या आणि हाक मारली, “मने, ये गं.”