शकूताईंचं रुखवत

शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शकूताईंचं दुकान होतं आणि दुकानात पाटी होती : 'विकलेला संसार परत घेतला जाणार नाही.'

संसार म्हणजे रुखवताचा. लग्नाच्या हॉलबाहेर टेबलावर मांडतात ना, तो. सुपारीचे नवरा-नवरी, साखरेचा बंगला, लोकरीची बाग. सगळं त्या स्वतःच्या हातानं करत. बाहुल्यांचे चेहरे तर असे रंगवत, की बघायला थांबलेली माणसं पहिली पंगत चुकवायची. लग्नात याहून मोठी दाद नसते.

गोड बोलणं मात्र त्यांना जमलं नाही. एकदा एक बाई म्हणाल्या, "नवरी जरा खाली बघणारी करा ना. लाजरी."

"खाली बघून चालणारी नवरी खांबावर आपटते. पुढे बोला."

"बरं, थोडं लवकर मिळेल का?"

"लग्न उशिरा करा, म्हणजे लवकर मिळेल."

त्यांचंही लग्न झालं होतं. विश्रांतवाडीचं सासर. वर्ष व्हायच्या आत एक ट्रंक घेऊन त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्या. कारण कधी सांगितलं नाही. "जमलं नाही," एवढंच म्हणत. पुढे आईवडील गेले, भाऊ परदेशात स्थायिक झाला. उरलं ते दुकान.

एकदा मी दुकानात गप्पा मारत बसले होते. कर्वेनगरहून एक आई मुलीला घेऊन आली. हातात शकूताईंनीच भरून दिलेलं खोकं. लग्न अगदी तोंडावर आलेलं आणि मुलाकडच्यांनी फोनवरून नकार कळवलेला.

"पाटी वाचलीय हो," आई म्हणाली. "आम्हाला काही परत नको. पण हे घरात दिसलं की हिला..."

शकूताईंनी खोकं उघडलं. आत पुठ्ठ्याची मोटार होती. नवरा चालवतोय, नवरी शेजारी. त्यांनी चिमट्यानं नवरा अलगद उचलून टेबलावर ठेवला, नवरीला सरकवून स्टिअरिंगमागे बसवलं, डिंकाचा ठिपका लावला आणि मोटार मुलीच्या हातात दिली.

"एवढी घेऊन जा. बाकीचं राहू दे माझ्याकडे."

मुलीनं टेबलावरच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आणि हा?"

"त्याला रिक्षा मिळेल."

मुलगी खुदकन हसली, आणि हसता हसता तिला असं काही रडू फुटलं की आईही घाबरली. शकूताईंनी उठून शटर अर्धं खाली ओढलं आणि तिच्याशेजारी बसल्या. "रडून घे बाळ. मला घाई नाही."

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. बाहुल्यांचे डोळे रंगवता येईनात. मी म्हटलं, "शकूताई, मी रंगवून देऊ का?" "आंधळ्या नवऱ्या विकायच्या नाहीत आणि चकण्याही," म्हणाल्या आणि दुकान बंद केलं. त्यानंतर त्यांनी फार दिवस काढले नाहीत. एका सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, तर दार उघडलंच नाही.

पेठेत त्यांचे टोमणे अजून एकमेकांना सांगतात. मला मात्र माझ्या सईच्या लग्नाचा दिवस आठवतो.

शकूताई कुणाच्याच लग्नाला थांबत नसत. रुखवत मांडायचं आणि मुहूर्ताआधी घरी. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालते. म्हणून मी तांब्या घेऊन बाहेर आले, तर शकूताई तिथेच. रुखवताच्या टेबलामागे, ठेवणीतली पैठणी नेसून, भिंतीला टेकून उभ्या.

"अहो, आत चला ना! सई विचारत होती."

"मी इथेच बरी गं."

"असं काय?"

त्यांनी एका बाहुलीचा पदर नीट केला. तो नीटच होता. "आत गेलं की लोक विचारतात, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

तेवढ्यात आतून 'सावधान' ऐकू आलं. शकूताईंनी डावी मूठ उघडली. आत अक्षता होत्या, घामानं तळव्याला चिकटलेल्या. त्यातल्या थोड्या सोडवून त्यांनी हॉलच्या बंद दाराकडे टाकल्या. पुढच्या 'सावधान'ला पुन्हा. एकही दाणा दारापर्यंत पोचत नव्हता. मी तांब्या खाली ठेवून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या टाकत राहिल्या.