कावळ्यांचा वैरी

आमच्या मुकुंदवाडीत एक गृहस्थ मे महिन्यात दूध आणायलासुद्धा पिवळं हेल्मेट घालून जातात. गाडी नाही, पायीच जातात. नाव भगवानमामा, मूळ गाव पिशोर, काम वायरमनचं. आणि हेल्मेट कशाला म्हणाल, तर कावळ्यांसाठी!

त्याचं असं आहे, पावसाळ्याआधीचं वादळ यायच्या आत लाइन सज्ज करावी लागते. ढिल्या तारा ओढायच्या, तारांत घुसलेल्या फांद्या छाटायच्या, कलते खांब सरळ करायचे. आणि लाइन बंद ठेवून खांबांवरची कावळ्यांची घरटी उतरवायची. कावळा काड्यांबरोबर तारेचे तुकडेही आणतो. वाऱ्यानं ते लाइनला चिकटले की अख्खी गल्ली अंधारात. मामा घरटं फेकून देत नाहीत, अंड्यांसकट जवळच्या लिंबावर बांधून देतात. पण हे कावळ्याला कोण समजावणार? "माणूस इसरंल, कावळा नाय इसरत," असं म्हणत मामा टाळूवरची खूण दाखवतात.

'वारं सुटायच्या आत' हे त्यांचं पालुपद. चहा घ्या, वारं सुटायच्या आत. पोरीचं जमवून टाका, वारं सुटायच्या आत. एकदा तर आमच्या गच्चीवरचे अर्धवट ओले पापड त्यांनी परस्पर गोळा केले. आभाळात ढग औषधालाही नव्हता. बायको तणतणली, पण माझ्यावर. मामांना बोलायची टाप फक्त शांतामामींची. त्या बोलल्या की मामा खाली मान घालून हसायचे.

यंदा ऐन मे महिन्यात मामी गेल्या.

दहाव्याला आम्ही सगळे स्मशानभूमीत जमलो. मुलानं पिंड ठेवला. आता कावळा शिवला म्हणजे मामी सुखानं गेल्या. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली एकही येईना. मुलगा म्हणाला, बाबांना मी पुण्याला नेतो. कावळे हलले नाहीत. मामींच्या बहिणीनं हात जोडले, तिच्या सुना बोलल्या. ऊन चढलं. कुणीतरी कुजबुजलं, काहीतरी इच्छा राहिली असणार बाईची. ते मामांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

ते पिंडाजवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "शांता, त्यांचा राग माझ्यावर हाय. तू उपाशी नको जाऊ. मी जातो, तू ये."

आणि खरंच निघून गेले. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

थोड्या वेळानं एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, घास घेतला आणि उडाला. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"पोटभर खाल्लं का तिनं?"

"व्हय मामा," मी म्हणालो, "पोटभर."