मधलं नाव खोटं बोलत नाही

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी प्रोफेसर टॉमस लेस्ली मॅकिनिस यांचं नाव घेतो. उमरेडच्या कोष्ट्याच्या पोराला त्यांनी नागपुरात आपल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं, इंग्रजी शिकवलं, काट्याचमच्याने जेवताना जखमी कसं होऊ नये हेही शिकवलं. मी बी. ए. झालो तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना स्वतः मराठीत पत्र लिहिलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि साहेबाचं पत्र आलेले पहिले गृहस्थ माझे वडील. दोघांत जास्त मान कोणाला मिळाला हे उमरेडला विचारा.

पण हा लेख साहेबांवर नाही. साहेबांच्या नावातल्या मधल्या शब्दावरून ज्यांनी वर्षभर घोळ घातला, त्या नानाजी पोतनिसांवर आहे.

नानाजींना माणसाचं नाव ऐकू येत नसे. मधलं तेवढं ऐकू येई. पहिल्या भेटीत मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "वासुदेव तुकाराम हेडाऊ."

"तुकारामचे काय? बसा." आणि लगेच, "तुकाराम कोणाचे?"

"गणूचे."

"मागं चला."

गणूच्या मागे मला जाता येईना. नानाजी मात्र गेले. चहा येईपर्यंत त्यांनी माझ्या खापरपणजोबाला भोसल्यांच्या दरबारी नेऊन पोचवलं आणि राजांच्या पागोट्याचं कापड विणायला बसवलं. पुरावा विचारल्यावर म्हणाले, "कोणीतरी विणलंच असेल ना गा? मग तुमच्यानं काहून नाही?" वडिलांना मी हे सांगितलं. त्यांनी मागावरून मान वर न करता विचारलं, मजुरी मिळाली होती काय.

नानाजी जमिनीच्या सेटलमेंटच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळून पेन्शनीत निघालेले. नागपूरच्या महाल वस्तीत एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळ्या महालाच्या पिढ्या त्यांच्या जिभेवर होत्या. लग्न जमवायचं असो की मोडायचं, लोक त्यांच्याकडे येत. ज्यांचे पूर्वज स्वातंत्र्याआधी रावबहादूर होते, त्यांना आता तुरुंगात गेलेला एखादा चुलता हवा असे. नानाजी तोही शोधून देत. कोणी शंका काढली की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे : "माणूस खोटं बोलते. मधलं नाव खोटं बोलत नाही."

त्यांच्या स्वतःच्या दारावरच्या पाटीवर मात्र 'नारायण पोतनीस' एवढंच होतं. मला वाटलं, पाटी लहान असेल.

साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघायचे होते. जाण्याआधी त्यांना एक गोष्ट करायची होती. त्यांचे आजोबा अलेक्झांडर हे कामठीच्या छावणीत डॉक्टर होते आणि तापाने तिथेच वारले. मुलगा विल्यम, म्हणजे साहेबांचे वडील, तेव्हा तान्हे होते. आई त्यांना घेऊन स्कॉटलंडला परतली. नवऱ्याची कबर पुन्हा पाहायला मिळाली नाही, हे ती मरेपर्यंत बोलत असे. साहेबांनी नागपूरची नोकरी घेतली ती त्या म्हातारीला शब्द देऊन. पण कामठीचं जुनं कब्रस्तान म्हणजे काटेरी रान, आणि साहेबांना दमा. दोनदा जाऊन ते फाटकातूनच परत आले होते. आता नाही सापडली तर कधीच नाही.

मी नानाजींचं नाव सुचवलं. त्याबद्दल मला आजही थोडं आश्चर्य वाटतं.

नानाजी साहेबांसमोर बसले ते लग्न ठरवायला आल्यासारखे. गोत्र विचारलं. साहेब म्हणाले, नाही. कुलदैवत विचारलं. साहेबांनी विचार करून एका संताचं नाव सांगितलं. खुंटीवर साहेबांचा चौकड्यांचा लोकरी मफलर होता. त्यांच्या घराण्याचा तो ठरावीक नमुना आहे, हे कळताच नानाजींचे डोळे चमकले. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "हे यांचं देवक." मग पिढ्या झाल्या. साहेबांचे वडील विल्यम, त्यांचे अलेक्झांडर, त्यांचे रॉबर्ट. रॉबर्ट कधी स्कॉटलंडबाहेर गेले नाहीत. मेंढ्या पाळत.

"मागं चला," नानाजी म्हणाले.

"मागे नुसत्या मेंढ्याच आहेत," साहेब म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी नानाजी पॅसेंजरने कामठीला जाऊ लागले. बरोबर कोयता, पाण्याची सुरई आणि चिवड्याचा डबा. साहेबांना त्यांनी यायची मनाई केली. कुळ सापडल्यावर वाजतगाजत नेऊ म्हणाले. परतल्यावर माझ्या खोलीत बसून पायातले काटे काढत आणि मला बातमी देत. कबरी बऱ्याच निघाल्या. मॅकिनिस मात्र एकच निघाला, आणि तो आपला नव्हता.

"काहून?" मी विचारलं. तोवर मलाही काहून लागलं होतं.

"दगडावर नाव तेवढं उरलं आहे, अलेक्झांडर डंकन मॅकिनिस. म्हणजे डंकनचा अलेक्झांडर. आपला रॉबर्टचा. हा भाऊबंदांपैकी असेल. सावली मात्र छान आहे तिथं. निंब आहे. मी तिथंच बसून खातो."

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला माणूस. पण मलाही ते पटलं. उमरेडमध्ये मधलं नाव बापाचंच असतं आणि नागपुरातही. तिसरीकडे मी गेलो नव्हतो.

आणि याच न्यायाने नानाजींना साहेबांच्या आयुष्यातलं एक दुःख सापडलं. साहेब टॉमस लेस्ली. वडील विल्यम. मग हा लेस्ली कोण? आठवडाभर ते बेचैन होते. एका संध्याकाळी दार लोटून घेत मला म्हणाले, "साहेब दत्तक गेलेले आहेत. लेस्लीच्या घरी. कोणाजवळ बोलू नका."

त्या दिवसापासून त्यांची वागणूकच बदलली. साहेबांसमोर बसताना आवाज खाली येई. वडिलांचा विषय निघाला की ते पावसापाण्याचं बोलू लागत. दिवाळीला डबा भरून अनारसे घेऊन आले आणि साहेबांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. ते गेल्यावर साहेबांनी मला काळजीने विचारलं, "वासुदेव, मला काही आजार झाला आहे असं यांना कोणी सांगितलं का?"

साहेबांच्या जाण्याला आठवडा राहिला तेव्हा नानाजींनी हार मानली. कोट घालून आले. चहा घेतला नाही. आपला अलेक्झांडर सापडला नाही, म्हणाले. सापडला तो परका. मग घसा साफ करून म्हणाले, "एक सांगतो, साहेब. दत्तक असण्यात कमीपणा नाही. जन्म देणाऱ्याचाही हक्क असतेच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"दत्तक कोण?"

नानाजींनी समजावून सांगितलं. साहेब हसले नाहीत, हे मी त्यांच्या उपकारांत धरतो. ते म्हणाले, "नानाजी, लेस्ली हे माझ्या आईचं माहेरचं आडनाव. आमच्याकडे मुलाला मध्ये असं नाव देतात. आईचं घराणं विसरू नये म्हणून."

"बाईचं? माहेरचं?" नानाजींचा जन्मभराचा धंदा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला असावा. मग ते एकदम सावध झाले. "साहेब, तुमच्या पणजीचं माहेर कोणतं?"

"डंकन."

नानाजी उठून उभे राहिले. "चला," म्हणाले. मागं हा शब्द त्या दिवशी ते प्रथमच विसरले.

निंबाखालचा दगड वर्षभर कोणीतरी टेकून बसल्यामुळे एका बाजूने शेवाळ जाऊन स्वच्छ झाला होता. नानाजींनी दुरूनच जोडे काढले. साहेब काठी टाकून खाली बसले आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागले. तिथल्या माळ्याला काही कळेना. तो मला म्हणाला, "हे बाबाजी तं दर रविवारी इथंच बसत होते ना जी. जेवाच्या आधी चिवड्याचा एक घास दगडावर ठेवत. मले वाटलं, ह्यायच्याच घरचं कोणी असन."

मी ते साहेबांना सांगितलं. त्यांनी दगडाच्या त्या स्वच्छ बाजूवर तळवा टेकला. मग म्हणाले, "माझ्या आजीला हे ऐकायला मिळायला हवं होतं."

स्टेशनवर निरोप द्यायला नानाजी आले नाहीत. साहेबांनी त्यांच्यासाठी तो मफलर माझ्याजवळ दिला. मी महालात गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मफलर मांडीवर घेऊन म्हणाले, "म्हणजे साहेब दत्तक नव्हते तर."

मी म्हटलं, बरंच झालं की.

"हो. बरंच झालं." मफलरची घडी करत म्हणाले, "मी आहे. रामटेकहून आणला मले. पाच वर्षांचा होतो. बापाचं नाव गोविंद. दत्तक दिला की गोत्र बदलते. मग त्याचं नाव लावता येत नाही, पितरांत पाणी देता येत नाही. वाटलं होतं, एक माणूस भेटला सोबतीला."

माझी नजर दारावरच्या पाटीकडे गेली. पाटी काही लहान नव्हती.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येनंतर मी साहेबांना पत्र लिहिलं. मराठी विसरू नये म्हणून मराठीतच लिही, असं त्यांनी बजावलं होतं.

*

ती. साहेबांस सा. न.

कामठीचा दगड ठीक आहे. माळ्याने भोवतीचं रान काढलं आहे. नानाजी अजून रविवारी जातात.

परवा त्यांनी मला महालाजवळच्या 'शुक्रवारी' तलावावर बोलावलं होतं. उन्हाचा ताव होता, तरी गळ्यात तुमचा मफलर. पोतनिसांच्या पितरांचं तर्पण झालं. मग त्यांनी भटजींना सांगितलं, आता मॅकिनिस घ्या. भटजींनी गोत्र विचारलं. ज्याचं माहीत नाही त्याचं कश्यप, शास्त्र आहे, असं नानाजी म्हणाले. भटजींनी मंत्र सुरू केला. नानाजींनी तुमचे वडील विल्यम, आजोबा अलेक्झांडर, पणजोबा रॉबर्ट, तिघांना पाणी दिलं. उच्चार भटजींपेक्षा बरे होते. तुम्हाला हे आवडेल की नाही ठाऊक नाही, पण कळवल्याशिवाय राहवलं नाही.

भटजी दर्भ गोळा करू लागले, तेव्हा नानाजी म्हणाले, "थांबा. याच घराण्यातला एक राहिला."

"नाव?"

"गोविंद."

भटजी म्हणाले, हे साहेबाचं नाव वाटत नाही.

नानाजींची ओंजळ भरलेली होती. मान वर न करता ते म्हणाले, "गोत्र कश्यप. म्हणा."

साहेब, तुमची परवानगी न घेता तुमच्या घराण्यात एक माणूस वाढवला आहे. मी तिथे होतो आणि काही बोललो नाही.

आपला,
वासुदेव तुकाराम हेडाऊ