रंगनाथ अस्वलाचा सहलीचा तक्ता

एका जंगलात, मुलांनो, रंगनाथ नावाचं एक अस्वल राहत असे. घरात बायको मंदाकिनी, सोळा वर्षांची इरावती, चौदा वर्षांचा शौनक आणि ढब्बू व टिल्ली ही दोन कुत्री. अस्वलांच्या घरात कुत्री कशी, असं विचारू नका. चांगल्या वस्तीतल्या अस्वलांकडे ती असतातच.

इरावती सोमवारी शिकायला दूरच्या जंगलात जाणार होती. मंदाकिनी म्हणाली, "त्याआधी सगळे मिळून एकदा समुद्र बघून येऊ."

"मी नियोजन करतो," रंगनाथ म्हणाला. असं म्हणून त्याला आता दोन महिने झाले होते.

त्याने मोठा तक्ता केला. पाच वाजता प्रस्थान. सहा चाळीसला चहा. सात दहाला कुत्र्यांचे पाय मोकळे करणे, चार मिनिटं. सात चौदाला मुलांशी गप्पा.

"तिथे रेंज आहे का?" इरावतीने विचारलं.

"तिथे समुद्र आहे."

"तो मी पाहिलाय. फोटोत."

शौनकला जीपमध्ये खिडकी हवी होती. ढब्बूलाही हवी होती. दोघंही ऐकेनात. रंगनाथाने तक्त्यात खिडकीच्या पाळ्या लावल्या.

मग त्याने समुद्राकाठच्या खानावळवाल्या खेकड्याला फोन केला. "राहायला दोन खोल्या हव्यात. बरोबर दोन कुत्री आहेत, चालतील?"

"चालतील की. आणखी कोण?"

"दोन मुलं. सोळा आणि चौदा."

खेकडा म्हणाला, "कुत्र्यांचं नक्की समजा. मुलांचं घरात विचारून सांगतो."

असं करता करता शुक्रवार उजाडला. कुत्री पहाटेच जीपमध्ये जाऊन बसली. त्यांना तक्ता वाचता येत नव्हता. मुलं मागच्या सीटवर येऊन पुन्हा झोपली. मंदाकिनीने डबे ठेवले आणि किल्ली फिरवली.

रंगनाथ मात्र पायरीवर बसलेला. "अकरा मिनिटं उशीर झालाय. म्हणजे चहा पुढे, गप्पा पुढे. सगळं नव्याने मांडावं लागेल. दहा मिनिटं थांबा."

मंदाकिनी अर्धा तास थांबली. मग म्हणाली, "अहो, आम्ही निघतो. तुमचं झालं की एसटीने या. दार नीट ओढून घ्या."

आणि जीप खरंच गेली.

वाटेत रस्ता चुकला. टिल्ली शौनकच्या नव्या बुटात ओकली. शौनक आधी ओरडला, मग इरावतीला हसू फुटलं, मग त्यालाही. बूट ओढ्यात धुताना दोघं कमरेपर्यंत भिजली. दुपारी पोहोचायचे ते सूर्य बुडताना पोहोचले. रेंज नव्हती. कुत्री सरळ लाटांत घुसली आणि त्यांच्यामागून मुलंही.

दुसऱ्या दिवशी इरावती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मला इतक्यात जायचंच नाहीये."

"घरी?"

"सोमवारी."

मंदाकिनीने लेकीच्या केसांतली वाळू काढली.

रविवारी ते परतले तेव्हा रंगनाथ आनंदाने दारात आला. "तक्ता झाला! एकही मिनिट वाया जात नाही, बघा!"

"बाबा, तुम्ही यायला हवं होतं," इरावती म्हणाली.

"चांगला मुद्दा आहे," रंगनाथ म्हणाला आणि तो त्याने 'सूचना' या रकान्यात लिहून घेतला.

सोमवारी इरावती गेली. मंगळवारी शेजारपाजारचे प्राणी तक्ता बघायला आले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बातमी सिंहमहाराजांपर्यंत गेली. पुढच्याच महिन्यात महाराजांनी रंगनाथाला राज्याचा प्रवास-सल्लागार नेमलं. आता तो गावोगावच्या प्राण्यांना 'कुटुंबासह सहल' या विषयावर व्याख्यानं देतो. व्याख्यानाला अर्थातच एकटा जातो.

तात्पर्य: मुलांनो, जो प्रवासाला जातो त्याला फक्त समुद्र दिसतो. मोठं व्हायचं असेल तर घरी बसून तक्ता करावा.