डेलसाठी आलेली चौदा भांडी

चौऱ्याहत्तर वर्षांत मला स्वतःची अशी एकच युक्ती सुचली आणि ती बिनतोड होती. निदान बुधवारी संध्याकाळी सव्वासहापर्यंत तरी तिच्यात मला एकही खोट सापडली नव्हती. आणि खोट शोधणं हाच माझा जन्मभराचा धंदा. जिल्ह्याच्या साप्ताहिकात मी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत.

पण आधी पुस्तकाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. म्हणजे माझ्यामुळे.

हॅचर्स मिल या आमच्या गावात ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाचकमंडळ भरतं. सहा बायका आणि मी. अकरा वर्षं मी तिथे खुर्च्या मांडतो, खुर्च्या उचलतो आणि कुणी विचारलंच तर "छान होतं" असं म्हणतो. पुस्तक निवडायची पाळी प्रत्येकावर येते. माझ्यावरही यायची, पण त्या महिन्यात मी नेमाने आजारी पडत असे. या वर्षी मात्र काय अंगात आलं कोण जाणे, मी एक कादंबरी सुचवली. 'दोन घरं, एक कुंपण'.

आपल्याच जॉर्जिया राज्यातली गोष्ट. कार्लीन आणि डेल या शेजारणी, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दोन्ही घरांतल्या तीन पिढ्यांची लग्नं, मयतं, रुसवे-फुगवे. डेलच्या नवऱ्याला बाहेर एक मूल आहे, हे कार्लीनला तीस वर्षं ठाऊक आहे आणि डेलला नाही. शेवटी डेल अंथरुणाला खिळते, डॉक्टर हात टेकतात, आणि कार्लीन तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहते. सांगावं की नाही? पुस्तक तिथेच संपतं. मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा शेवटचं पान उलटून मागे काही छापलंय का ते पाहिलं.

मला वाटलं, मंडळातही सगळ्यांची अशीच वाचा बसेल.

"चाळिसाव्या पानावर ती कार्लीन मक्याच्या पावात साखर घालते," मिस रोबर्टा म्हणाल्या. "मी तिथेच पुस्तक मिटलं."

"पण मिस रोबर्टा, पुढे साडेतीनशे पानं..."

"जिला पाव कळत नाही तिला मैत्री काय कळणार, मिस्टर वेंडेल?"

दुसऱ्या एकीला उकाड्याची वर्णनं फार वाटली. "उकाडा मला माझ्या ओसरीवर मिळतो, त्याच्यासाठी वाचायला कशाला हवं?" तिसरी सबंध रात्र रडली होती आणि त्याबद्दल माझ्याकडे रागाने बघत होती. एकाच पुस्तकाच्या सात प्रती, आणि प्रत्येकीने निराळंच काहीतरी वाचलेलं. मी थक्क होऊन ऐकत होतो. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग मिस आयडेला क्रेनशॉ म्हणाल्या, "तिनं सांगायलाच हवं."

"मरणाऱ्या बाईला?" मिस विली फे टार्पली म्हणाल्या. "सुखानं जाऊ दे की तिला."

या दोघींबद्दल थोडं सांगायला हवं. दोघी शहात्तर वर्षांच्या, सहाव्या वर्षापासून एका बाकावर. विली फेंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आयडेलांच्या गुडघ्यांत दम नाही. त्यामुळे गाडी आयडेला चालवतात आणि पायऱ्या चढताना खांदा विली फे देतात. दोघी मिळून एक धडधाकट बाई होते.

"खोट्यावर कसलं आलंय सुख?" आयडेला म्हणाल्या. "मी असते तर तुला सांगितलं असतं."

विली फेंनी गार चहाचा पेला खाली ठेवला. "माझ्या लायलबद्दल काही ठाऊक आहे का तुला?"

"अगं, मी 'असते तर' म्हटलं."

"पटकन म्हटलंस. जरासुद्धा विचार केला नाहीस."

"आणि तू? तू म्हणे गप्प बसली असतीस. म्हणजे माझ्याबद्दल काय काय गिळून बसली आहेस इतकी वर्षं?"

लायल टार्पली हा विली फेंचा नवरा. (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणतात.) त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि बदकांची शिकार सोडली तर त्याला बाहेरचा कसलाच नाद नव्हता. हे दोघींनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी आयडेला एकट्याच गाडीत बसून गेल्या, आणि विली फे कुंपणाला हात लावत लावत, चाचपडत, पायी घरी गेल्या. मी दहा पावलं मागून चालत होतो. पुढे होऊन हात द्यायचं धैर्य झालं नाही.

तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. विली फे घराबाहेर पडेनात, कारण न्यायला कुणी नाही. आयडेला चर्चच्या पायऱ्यांपर्यंत यायच्या, वर बघायच्या आणि गाडी वळवायच्या. सत्तर वर्षांची मैत्री, आणि ती मी निवडलेल्या कादंबरीने मोडली! माझी झोप उडाली. दोघींशी बोलायला हवं होतं. पण दोन बायकांना समोरासमोर बसवून समजावणं मला जमलं असतं तर मी आजवर बिनलग्नाचा राहिलो नसतो.

तेव्हा ती युक्ती सुचली. बुधवारी आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये एकत्र जेवण असतं. जेवणानंतर ब्रदर हॉलिस, म्हणजे आमचे पाद्री, प्रार्थनेच्या पेटीतल्या चिठ्ठ्या वाचतात. नाव लिहायची सक्ती नाही. मी चिठ्ठी लिहिली:

'कार्लीन आणि डेल यांच्यासाठी प्रार्थना करावी. जन्मभराची मैत्री आहे; वेळ थोडा उरला आहे. दाराशी उभी आहे तिला आत जायचं बळ मिळो.'

वाचकमंडळातल्या बाकीच्या चौघी मेथडिस्ट पंथाच्या, त्या आमच्या चर्चमध्ये येत नाहीत. म्हणजे ही नावं ओळखणाऱ्या चर्चमध्ये दोघीच. त्या ऐकतील, विरघळतील, इतरांना पत्ताही लागणार नाही. पाच वाजता दोघींना फोन करून मी 'आज या' एवढंच म्हणालो आणि घाबरून ठेवून दिला. मजकूर मी तीनदा तपासला. एकही चूक नव्हती.

दोघीही आल्या नाहीत. आज दुसरी येणार असा प्रत्येकीला संशय आला.

ब्रदर हॉलिसनी चिठ्ठी वाचली. 'वेळ थोडा उरला आहे' म्हणताना त्यांचा आवाज जड झाला आणि साठ माणसांनी काटे-चमचे खाली ठेवले. मी उठलो. अर्धाच उठलो. तेवढ्यात शेजारच्या मिस नेटी स्टब्ज यांना वाटलं, मी लिंबूपाणी आणायला निघालोय. त्यांनी आपला पेला माझ्या हातात दिला. मी तो भरून आणला. परत येईतो सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या आणि डेलसाठी प्रार्थना सुरू झाली होती.

मिस नेटी एक्याऐंशी वर्षांच्या. प्रार्थनेची साखळी त्यांच्या हातात आहे. त्या तिघींना फोन करतात, त्या तिघी आणखी नऊ जणींना. सकाळचे सात वाजायच्या आत निम्मं गाव कुणासाठी तरी डोळे मिटून बसलेलं असतं.

सात वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मिस्टर वेंडेल, चिठ्ठी मी पाहिली, ती तुमचीच होती," मिस नेटी म्हणाल्या. "गावात अर्धविराम वापरणारं दुसरं कुणी नाही. डेल कुठे आहे?"

"ती... कुणाला भेटत नाही." हे तसं खरंच होतं.

"नात्यातली का?"

"नाही हो. वाचनातून ओळख."

"पत्रं लिहीत असेल बिचारी. बरं, जेवण तुमच्याकडेच पाठवतो आम्ही. तुम्ही पोचवा."

"मिस नेटी, खरं म्हणजे डेल..."

"मला सगळं सांगायची गरज नाही. तुम्हाला किती जड जातंय ते कळतंय मला." फोन बंद.

दुपारपर्यंत माझ्या ओसरीवर सहा भांडी आली. चिकन आणि भात, चीज घातलेला भोपळा, रताळ्याचा गोड लगदा, हॅम, आणि मिस नेटींचा सात थरांचा कॅरॅमल केक. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. तो केक करताना त्यांना किती वेळा थांबावं लागलं असेल, या विचाराने मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून नुसता बसून राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी भांडी चौदा झाली. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव.

आणि एकीनेही विचारलं नाही की ही डेल कोण. आमच्या गावात एखाद्या माणसाला आपण ओळखत नाही असं कबूल करणं म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान.

"म्हणजे ती खाडीपलीकडची डेल ना?" भोपळा आणणारी म्हणाली. "उंच होती. लग्नात निळा झगा घातला होता. तेव्हा लोक बोलले होते."

माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकात डेलने लग्नात निळाच झगा घातला आहे. क्षणभर मला माझाच संशय आला. ही बाई खरंच असेल आणि कादंबरीच मला स्वप्नात दिसली असेल तर?

शनिवारी सकाळी ब्रदर हॉलिस आले. "मी जाऊन भेटतो तिला."

"तिथे पोचणं अवघड आहे."

"रस्ता खराब आहे?"

"रस्ता नाहीच."

"माझ्या आजोबांनी खेचरावरून धर्मप्रचार केला, मिस्टर वेंडेल. उद्या उपासना आटोपली की निघू." माझा खांदा दाबून ते गेले. खेचराबद्दल ते गंभीर होते की काय, मला कळलं नाही.

ते गेले आणि कठड्याला धरून मिस विली फे वर आल्या. साखळी त्यांच्यापर्यंत आदल्या रात्री पोचली होती.

"वेंडेल, पुस्तकातली बाई तू आजारी पाडलीस?"

"ती आधीच आजारी होती."

"आणि गाव कशाला कामाला लावलंस?"

मी सांगितलं. कुंपणाला हात लावत त्या घरी गेल्या, तेव्हा मी दहा पावलं मागे होतो, तेही सांगितलं. एवढ्यात बाहेर गाडी थांबली. आयडेला उतरल्या आणि माझ्या तीन पायऱ्यांकडे हिमालयाकडे बघावं तसं बघू लागल्या. विली फे खाली गेल्या. त्यांनी खांदा पुढे केला, आयडेलांनी त्यावर हात ठेवला. सवयच ती. वर येईपर्यंत आपलं भांडण आहे हे दोघींना आठवलं नसावं.

स्वयंपाकघरात चौदा भांडी बघून दोघी थबकल्या.

"गावाला सांगायला हवं," मी म्हणालो. "उद्या चर्चमध्ये."

"छे, मुळीच नाही," आयडेला म्हणाल्या. सांगायलाच हवं म्हणणाऱ्या आयडेला! "हा नेटीचा केक आहे. तिची बोटं बघितलीस? तिला सांगणार की हा तू कागदावरच्या बाईसाठी केलास? डेल बरी होऊन बहिणीकडे गेली म्हणावं, झालं."

"आणि ती रोज पहाटे उठून प्रार्थना करत राहील त्याचं काय?" विली फे म्हणाल्या. "ते फसवणं झालं. तिला कळायलाच हवं."

"कशाला दुखवायचं?"

"खोट्यावर कसलं..." विली फे मध्येच थांबल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू माझं वाक्य चोरलंस," आयडेला म्हणाल्या.

"तू माझं आधी घेतलंस."

"लायलबद्दल मला काहीही ठाऊक नाही गं. त्या माणसात ठाऊक असण्यासारखं होतं काय?"

विली फे हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले, मग काटा घेतला. दोघी समोरासमोर बसल्या आणि तावातावाने भांडू लागल्या. भोपळा अर्धा संपेतो बाजू पुन्हा एकदा बदलल्या. मी ओट्याला टेकून उभा होतो. जन्मभर पुस्तकं वाचली, पण एका पुस्तकाची एवढी ताकद मी कधी पाहिली नव्हती. दुपारी आयडेलांनी विली फेंना गाडीतून घरी नेलं. जाताना विली फे म्हणाल्या, "पण उद्या उभं तुलाच राहावं लागेल हं, वेंडेल."

रविवारी मी उभा राहिलो. या वेळी पूर्ण.

"डेल," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "डेल कुणाचीच नातेवाईक नाही. ती एका कादंबरीतली आहे. चूक माझी. माफ करा."

ब्रदर हॉलिस हातातल्या गाडीच्या किल्ल्यांकडे बघत होते. मी कुठल्याशा दुसऱ्या गावात घर बघायचा विचार करू लागलो.

मिस नेटी सावकाश वळल्या. "त्या पुस्तकात ती बरी होते का?"

"ते कळत नाही. पुस्तक त्याआधीच संपतं."

त्यांनी पर्समधून वही काढली, चष्मा लावला, पान शोधलं. मग ब्रदर हॉलिसना म्हणाल्या, "मग नाव यादीत राहू द्या."

साठ माणसांनी मान डोलावली. कुणी हसलं नाही. मी खाली बसलो.

डेल अजून यादीत आहे. दर बुधवारी ब्रदर हॉलिस तिचं नाव घेतात आणि मीही मान खाली घालतो. यादी हल्ली दाराजवळ टांगलेली असते. नाव डावीकडे, कारण उजवीकडे. गेल्या आठवड्यात चष्मा लावून नीट पाहिली, तर डेलच्या खालोखाल माझं नाव. कारणाची जागा कोरी होती. मी मिस नेटींना विचारलं, इथे काही लिहायचं राहिलंय का.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ठाऊक आहे."